मेजरच्या शटरआडचा आवाज

मेजरकडे पिस्तूल आहे, ही बातमी गल्लीत पहिल्यांदा कुणी सोडली याचा शोध अजून लागलेला नाही. बेकरीवाल्या मावशी म्हणतात, इस्त्रीवाल्याने सोडली. इस्त्रीवाला शपथेवर सांगतो की त्याने ती मावशींच्याच तोंडून ऐकली, पाव बांधून घेताना. दोघंही खरं बोलत असावीत. अशा बातम्यांना आई नसतेच, नुसत्या सुइणी असतात.

बातमी अशी होती. दुपारची जेवणं उरकून गल्ली आडवी झाली की मेजर आपल्या सलूनचं शटर गुडघ्यापर्यंत ओढून घेतो. आत एकटाच. थोड्या वेळाने आतून 'फट्' असा आवाज येतो. कधी एकच, कधी लागोपाठ दोन-तीन. अधूनमधून हळू आवाजात बोलणंही ऐकू येतं, पण आत दुसरं माणूस गेलेलं कुणी पाहिलेलं नाही, आणि बाहेर आलेलंही नाही.

"फौजेतून येताना लपवून आणलंय," इस्त्रीवाला सांगायचा, आणि इस्त्री कपड्यावर तशीच ठेवून दोन बोटांची नळी करून दाखवायचा. त्यापायी एका भल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर तपकिरी त्रिकोण उमटला, पण बातमी काही थांबली नाही. औषधांच्या दुकानातल्या माणसाने तिला तिखटमीठ लावलं, "नेम धरायचा सराव चाललाय. ज्यांनी पेन्शन नाकारली ना, त्यांच्यासाठी."

आता मेजर हा मेजर नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. फौजेत तो केस कापायचा. पदवी गल्लीने दिलेली, आणि गल्ली फुकट काही देत नाही. त्यात टोमणा होता. टोमण्याची धार कालांतराने बोथट झाली आणि नाव तेवढं राहिलं. मग ओघानेच त्याची बायको मेजरीणबाई झाली.

मेजरीणबाई सलूनच्या वरच्या खोलीत शिलाई मशीनवर बसायची. नवे कपडे शिवण्याच्या फंदात ती पडली नाही. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, शिवण उसवून कंबर सैल करून द्यायची, हा तिचा धंदा. त्यामुळे गल्लीत कोण सुटलंय आणि कोण वाळलंय हे तिला डॉक्टरच्याही आधी कळे, आणि ते ती पोटात ठेवी. स्वतःच्या घरातलंही तिने असंच पोटात ठेवलं होतं. पण ते काही झाकून राहण्यातलं नव्हतं.

नवरा फौजेतून परतला तो उजव्या हाताला कंप आणि घशाला कोरड घेऊन. सकाळी सलून उघडण्याआधी तो फडताळामागे जाऊन यायचा, आणि मग त्याचा हात असा स्थिर व्हायचा की गळ्यावरून वस्तरा फिरताना गिऱ्हाईक घोरायला लागे. पिऊन वाकडं चालणारे सगळीकडे असतात. हा पिऊन सरळ चालणारा. पण घोट काही सकाळपाशी थांबत नाही. संध्याकाळ होईतो मेजर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत मान टाकून पडलेला असायचा. मग ती खाली यायची, त्याचा हात आपल्या खांद्यावर घ्यायची आणि त्याला जिना चढवायची. जाताना वाटेत जो भेटेल त्याला म्हणायची, "पाय मुरगळलाय त्यांचा." गल्लीने त्या पायाची अनेक वर्षं चौकशी केली. औषधाच्या दुकानातल्या माणसाने तर मलमसुद्धा सुचवलं.

पेन्शनचं प्रकरण असं. नोकरीत दुखापत झालेल्या सैनिकाला अपंगत्वाची भरपाई मिळते, आणि तिच्याबरोबर माजी सैनिकांच्या इस्पितळाचं दार उघडतं. दारूच्या व्यसनाला मात्र काही मिळत नाही. बाटली ज्याची त्याने उचललेली असते, असं नियम म्हणतो. पण तोच नियम पुढे असंही म्हणतो की आधी दुखापत झाली असेल, शरीराची नाही तर मनाची, आणि तिच्यामागून व्यसन आलं असेल, तर दोन्ही धरायची. सगळा खेळ काय तो आधी आणि मागून यांचा.

पहिल्या सुनावणीला अर्ज तपासणाऱ्या मंडळाने मेजरला विचारलं होतं, "दारूची सवय कशी लागली?"

"मीच प्यायलो साहेब. कुणी जबरदस्ती केली नाही."

झालं. विषय संपला. अर्ज नामंजूर.

बायकोने घरी येऊन कपाळाला हात लावला. "अहो, जरा विचार करून बोलायचं."

"खरं तेच बोललो."

त्याच्या तुकडीतली रीतच तशी होती. आपलं दुखणं तुकडीच्या माथी मारणाऱ्याच्या शेजारी कुणी जेवायला बसत नसे. तुकडी सोडून त्याला किती तरी काळ लोटला होता, शेजारी जेवायला एकटी बायको होती, पण रीत काही सुटली नाही. गल्लीला मात्र आयतीच करमणूक मिळाली. केस कापता कापता माणसाला अशी काय दुखापत होते, यावर इस्त्रीच्या टेबलापाशी बरेच तर्क झाले. "कात्री उलटी धरली असेल," असं मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांनाच वाईट वाटून त्यांनी संध्याकाळी वर पाव पाठवून दिला.

बायकोलाही मनातून तोच प्रश्न होता, हे तिने कुणाला सांगितलं नाही. लढाईत माणसं जातात, हात-पाय जातात. याने तर केस कापले. मग हा असा का आला? विचारलं की तो म्हणायचा, "काही नाही गं. रोजचंच काम."

शेवटी तिनेच त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेलं. तो निमूटपणे गेला, निमूटपणे राहिला, आणि परतला तो खरोखर कोरडा. निघताना तिथल्या ताईंनी तिला बाजूला घेतलं. "दारू सुटलीय, पण तिच्या खाली जे आहे ते तसंच आहे. त्याला लांबची देखभाल लागेल. ती त्या सैनिकांच्या इस्पितळात होते, पण ते लोक अर्ज मंजूर झालेल्यांनाच घेतात. अपील करा. आणि एक ऐका. घरी गेल्यावर त्यांचे खिसे तपासू नका, फडताळ हुंगू नका. तुम्ही शोधत राहिलात की त्यांना लपवावंसं वाटेल."

तिने कबूल केलं. अपील केलं, तारीख मिळाली. ही शेवटची संधी. यानंतर पुढे दार नाही.

पण घरी आल्यावर निराळंच संकट उभं राहिलं. शुद्धीतल्या मेजरचा हात पिंपळपानासारखा हलायचा. कात्री कशीबशी चाले, वस्तरा मात्र धरवत नसे. गिऱ्हाइकं हळहळली आणि शेजारच्या गल्लीत गेली. "चांगला पीत होता तेव्हा बरा होता," असं एक जण म्हणाला, आणि ते ऐकून हसावं की रडावं हे तिला कळेना. दुकान उघडं असे आणि खुर्ची रिकामी. मग दुपारचं शटर खाली यायला लागलं, आणि ते आवाज.

ते तिलाही ऐकू यायचे. खालून 'फट्' झालं की वर मशीनचं चाक थांबायचं. पहिल्या दिवशी ती जिन्यापर्यंत धावली आणि मधल्या पायरीवर थबकली. खालून त्याच्या खाकरण्याचा आवाज आला. जिवंत होता. ती परत वर गेली. रात्री जेवताना त्याच्या शर्टाच्या बाहीवर साबणाचा वाळलेला शिंतोडा दिसला. स्वतःची दाढी तर तो सकाळीच, ओरखडे काढत, करून मोकळा व्हायचा. शब्द तिच्या ओठांवर आले होते. तिने ते भाताबरोबर गिळले. शोधायचं नाही म्हटलं होतं ना, मग नाही शोधायचं.

अशातच तिचे वडील घसरून पडले. मांडीचं हाड बसवून इस्पितळाने त्यांना सोडलं आणि ते लेकीकडे आले, चाकांची खुर्ची आणि तोंडाचा पट्टा घेऊन. उभा जन्म त्यांनी रेल्वेत तिकिटं तपासली होती. समोरच्याचा चेहरा बघून तिकीट आहे की नाही हे ओळखायचं, हीच त्यांची विद्या, आणि या जावयाकडे तिकीट नाही असं त्यांचं लग्नापासूनचं मत होतं.

दुसरं म्हणजे त्यांना दाढीचे खुंट खपत नसत. सुनावणीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी गालावरून हात फिरवला आणि लेकीला म्हणाले, "मी उद्या येणार तुमच्याबरोबर. पण या अवताराने नाही. एखाद्या कारागिराला बोलाव."

"घरात आहे की कारागीर."

"तो? त्याच्या हातात द्यायला माझी मान काही मला जड झालेली नाही."

पडद्याआडून मेजरने ते ऐकलं असावं. जरा वेळाने तो वाडगा, ब्रश, वस्तरा आणि टॉवेल घेऊन आत आला. सासरेबुवा पलंगावर उताणे झोपलेले होते. "बघू तरी," म्हणून त्यांनी डोळे मिटले.

बायको दारात उभी राहून बघत होती. त्याने टॉवेलची घट्ट वळकटी केली आणि मानेखाली सरकवली. पलंगाच्या उशाशी जाऊन, डोक्यामागे उभा राहिला. दोन बोटांनी हनुवटी वर उचलली, चेहरा उजेडाकडे वळवला. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने, अगदी अलगद, म्हाताऱ्याच्या मिटलेल्या पापण्या एकदा खाली दाबल्या. मग फेस लावला, आणि एका गालावरून वस्तरा फिरू लागला. हात स्थिर होता. तिला वाटलं, आपल्याला भास होतोय.

एक गाल गुळगुळीत झाला. त्याने ब्रश पुन्हा पाण्यात बुडवून दुसऱ्या गालाला लावला आणि या वेळी पाण्याचा ओघळ कानामागून मानेत गेला.

"अरे, अरे, अरे," सासरे ओरडले. "बर्फ आहे का हा? पाणी गरम करायची पद्धत नाही तुमच्यात?"

मेजर जागच्या जागी थांबला. हातातला ब्रश फरशीवर ठिबकत होता. "गरम," तो म्हणाला. "गरम पाणी लागतं, नाही का."

बायकोला चमत्कारिक वाटलं. खाली सलूनमध्ये किटली सकाळपासून वाफाळत असते. गार पाण्याने त्याने आजवर एका गिऱ्हाइकाला हात लावला नव्हता. त्याच्या हाताकडे पाहिलं तर तो हलायला लागला होता, खांद्यापासून.

तिकीट तपासनिसाने डोळे उघडले होते. खालून वर, उलट्या दिसणाऱ्या त्या चेहऱ्याकडे ते टक लावून बघत राहिले. बोलले तेव्हा आवाजातली खाष्ट धार गेली होती.

"जावईबापू, डोळे मी आपण होऊन मिटले होते. तुम्ही परत का मिटलेत?"

"सवय, बाबा."

"कसली सवय?"

तो पलंगाच्या कडेला बसला. सासऱ्यांच्या एका गालावर फेस तसाच वाळत होता, पण त्यांनी पुसला नाही. आणि मग मेजरने, लग्नाच्या बायकोला जे कधी सांगितलं नव्हतं ते, ज्याचं त्याच्याशी कधी जमलं नाही त्या म्हाताऱ्याला सांगितलं.

फौजेच्या इस्पितळामागे एक तंबू होता. ज्यांना पेटीत घालून घरी पाठवायचं ती पोरं तिथे आणायची. धुवायची, गणवेश चढवायचा, दाढी करायची. "घरी आई उघडून बघणार ना. दाढी वाढलेली कशी पाठवणार." पाणी गारच, गरम पाणी आत, जिवंतांसाठी. "मुकाट्याने वस्तरा लावायला जमेना. मग मी दुकानात बोलतो तसं बोलायचो. विचारायचो, कल्ले कुठवर ठेवू."

"त्यात एक पोरगा होता. दोनच दिवस आधी माझ्याकडे केस कापून गेलेला. कल्ल्यांची भारी हौस. त्याचं करताना हात हलायला लागला. एक कल्ला वर राहिला, एक खाली. म्हटलं, थांबा, जुळवतो. ट्रक थांबला नाही. तसाच गेला घरी."

त्याने ब्रश वाडग्यात ठेवला.

"दुसऱ्या दिवशी हात थांबेचना. तंबूवरच्या प्रमुखाने आपल्या कपातली रम दिली. म्हणाला, घे, हात स्थिर होईल. झाला. मग रोज. आता त्याने पाजली असं मी कसं म्हणू? त्याने हातासाठी दिली. प्यायलो मी."

वाडगा उचलून बायको स्वयंपाकघरात गेली आणि तिने पाणी गॅसवर ठेवलं. उकळी येऊन भांड्याच्या कडेवरून पाणी जाळावर पडेपर्यंत ती तिथेच उभी होती.

"राहू दे गं ते पाणी," आतून वडिलांचा आवाज आला. "त्यातच चहा टाक. दुसरा गाल मला उद्यापर्यंत असाच हवाय."

तर दुसऱ्या दिवशी सुनावणीला चाकांच्या खुर्चीतून एक म्हातारा हजर झाला. कडक इस्त्रीचा कोट, एक गाल लोण्यासारखा आणि एक गाल झाडणीसारखा. लांबलचक टेबलामागे तिघं बसले होते: अध्यक्ष, एक डॉक्टरीणबाई आणि टिपणं घेणारे गृहस्थ. तिघांनीही सुरुवातीला त्या चेहऱ्याकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

अध्यक्षांनी मेजरला तोच जुना प्रश्न विचारला. मेजर ताठ बसला होता, हलणारा हात दुसऱ्या हाताखाली दाबून. बायकोने त्याच्याकडे पाहिलं. काल पलंगावर एवढं बोलला, तेच आत्ता बोल म्हणावं, एवढंच.

"मीच प्यायलो साहेब," तो म्हणाला.

अध्यक्षांनी मान हलवली, गृहस्थांचं पेन चालू लागलं.

"साहेब," चाकांच्या खुर्चीतून आवाज आला, "जरा माझा चेहरा बघता का?"

"आपण कोण?"

"सासरा. यांच्याबद्दल चांगलं बोलायला मला कुणी आणलेलं नाही, आणि तशी सवयही नाही. पण ही अर्धी दाढी यांनी केलीय. अर्धीच का, ते यांना विचारा."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "का हो? अर्धीच का?"

आता त्याला व्यसनी म्हणा, नालायक म्हणा, मेजर ऐकून घेईल. पण काम अर्धवट टाकलं म्हटलं तर ते त्याला सोसण्यासारखं नव्हतं, आणि तेही असं तिऱ्हाइतांसमोर. त्याचे कान लाल झाले.

"पाणी गार होतं बाई," तो म्हणाला. "माझी चूक झाली. जिवंत माणसाला गरम लागतं."

बाईंचं हसू थांबलं. "जिवंत माणसाला म्हणजे?"

त्या एका शब्दाचा खुलासा करता करता तंबू आला, पेट्या आल्या, ट्रक आला. तुकडीबद्दल तो वाकडा शब्द बोलला नाही. तो फक्त कामाबद्दल बोलत होता. वस्तरा कसा धरायचा, हनुवटी का धरून ठेवावी लागते.

"किती जण असतील?" बाईंनी हळूच विचारलं.

"मोजले नाहीत. मोजायचं काम दुसऱ्याकडे होतं. मी कल्ले जुळवायचो."

अध्यक्षांचा हात नकळत स्वतःच्या कानाजवळ गेला आणि खाली आला.

"तुम्हीच प्यायलात, ते आम्ही लिहून घेतलंय," बाई म्हणाल्या. "ते कुणी खोडत नाही. मला एवढंच सांगा, हात आधी हलायला लागला की आधी प्यायलात?"

मेजरने बराच विचार केला. खरं काय ते सांगायचं होतं आणि कुणावर ढकलायचं नव्हतं.

"हात आधी," तो म्हणाला.

बायकोने त्याचा दाबून धरलेला हात वरून धरला.

निकाल लगेच लागला नाही. असले निकाल निवांत येतात. मधल्या काळात सासरेबुवांची दुसऱ्या गालाची दाढी गरम पाण्याने झाली, पण ती लेकीने केली, सेफ्टी रेझरने. जावयाचा नंबर पुढचा, असं त्यांनी जाहीर केलं. "हात बसला की सांगा. तोवर खुंट वाढवतो, घाई नाही." ते वाक्य त्यांच्या तोंडून ऐकून लेक उडालीच.

शटर दुपारी खाली येतच होतं. पण आवाज कमी झाले होते. आधी दोन-तीनदा व्हायचा तो एकदा व्हायला लागला, मग एखादा दिवस शांतच जायचा.

"गोळ्या संपत आल्या असाव्यात," इस्त्रीवाला म्हणाला.

निकालाचा फोन आला तो अशाच एका शांत दुपारी. मनाची दुखापत नोकरीतली धरली होती, व्यसन तिच्यामागून आलेलं धरलं होतं, आणि पुढच्याच आठवड्यात इस्पितळात बोलावलं होतं. तिने फोन ठेवला. वडील झोपले होते. त्यांना उठवायचं सोडून ती तडक जिना उतरली. शटरपाशी पोचल्यावर तिला ताईंना दिलेला शब्द आठवला. तिने शटरवर टकटक केली.

"मी आहे. आत येऊ का?"

"ये," तो म्हणाला. "वाकून ये. दचकवू नकोस मात्र, शेवटचा आहे."

इस्त्रीच्या टेबलापाशी बोलणं थांबलं. मावशी पावाचा ट्रे घेऊन तशाच उभ्या राहिल्या. ती वाकून आत शिरली. तो तिच्याकडे पाठ करून, आरशासमोरच्या खुर्चीवर वाकून उभा होता, आणि हळू, आर्जवी आवाजात विचारत होता, "कल्ले कुठवर ठेवू?"

पिस्तूल नव्हतं. नवखे कारागीर फुगा फुगवून त्याला साबणाचा फेस लावतात आणि त्यावर वस्तरा फिरवायला शिकतात. मेजर तेच पुन्हा शिकत होता. हात हलला की फुगा फुटायचा.